फाइल-हस्तांतरण, स्मार्टफोन व लिनक्स संगणक यांमधील

स्मार्टफोनमध्ये साठवलेली छायाचित्रे, चित्रफिती, ध्वनिमुद्रणे, दस्तऐवज इ. माहिती लिनक्स या परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात नेणे किंवा संगणकातील माहिती फोनमध्ये आणणे, या क्रियेस ही संज्ञा लावतात. हे हस्तांतरण मुख्यतः दोन प्रकारे होते : (१) फोन व संगणक केबलने जोडून आणि (२) दोन्ही उपकरणे एकाच स्थानिक जाळ्यात आणून बिनतारी पद्धतीने. दोन्ही प्रकारांत मूळ फाइल एका बिटाचाही फरक न होता दुसऱ्या ठिकाणी पोहोचावी, अशी अपेक्षा असते. संदेशवहनाच्या ॲपमधून पाठवलेले चित्र आणि हस्तांतरित केलेली फाइल यांत हाच महत्त्वाचा भेद आहे. व्हॉट्सॲपसारख्या सेवेतून छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठवले असता ते आकाराने लहान केले जाते, त्यातील बारकावे कमी होतात व चित्र केव्हा आणि कोठे काढले याची त्यात अंतर्भूत असलेली नोंद नाहीशी होते. वऱ्हाडात, विशेषतः अकोला व अमरावती या जिल्ह्यांत, पिकांवरील किडी व नैसर्गिक आपत्तीने झालेले नुकसान यांची छायाचित्रे आता सर्रास फोनवर काढली जातात. अशा चित्रांचे मूल्य मूळ फाइल सुरक्षित राहण्यावर अवलंबून असल्यामुळे हा विषय केवळ तांत्रिक राहिलेला नाही.

इतिहास : विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत संगणकाला जोडावयाच्या प्रत्येक प्रकारच्या उपकरणासाठी वेगळी खाच व वेगळी केबल लागत असे. ही अडचण दूर करण्यासाठी कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी १९९४ मध्ये एकत्रितपणे काम सुरू केले. त्यातून ‘युनिव्हर्सल सिरियल बस’ म्हणजेच यूएसबी हे मानक जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. या मानकाच्या निर्मितीत इंटेलमधील अभियंते अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. एप्रिल २००० मध्ये आलेल्या यूएसबी २·० या आवृत्तीने सेकंदास ४८ कोटी बिट, तर नोव्हेंबर २००८ मधील ३·० या आवृत्तीने सेकंदास ५ अब्ज बिट इतकी सैद्धांतिक गती साध्य केली. कोणत्याही बाजूने बसणारी ‘टाइप-सी’ ही खाच २०१४ मध्ये प्रमाणित झाली.

लिनक्सची वाटचाल याच सुमारास सुरू झाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा कर्नल, म्हणजे परिचालन प्रणालीचा गाभा, प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगातून डेबियन, फेडोरा, उबुंटू इ. वितरणे निर्माण झाली. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) भारतीय भाषांची सोय असलेले ‘बॉस’ हे वितरण २००७ मध्ये उपलब्ध केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्सविषयीचे पाठ मराठीतूनही तयार झाले आहेत.

अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. या प्रणालीचा कर्नलही लिनक्सच आहे. त्यामुळे अँड्रॉइड फोन लिनक्स संगणकाला जोडणे म्हणजे एकाच कर्नलची दोन रूपे परस्परांशी जोडणे होय. तथापि केबलवरून त्यांचा जो संवाद होतो, तो मात्र मायक्रोसॉफ्टने विकसित केलेल्या प्रोटोकॉलच्या (संवादनियमांच्या) आधारे होतो. असे का घडले हे समजण्यासाठी साठा उपलब्ध करून देण्याच्या दोन भिन्न तत्त्वांचा विचार करावा लागतो.

साठा उपलब्ध करण्याची दोन तत्त्वे : पहिले तत्त्व ‘मास स्टोरेज’ पद्धतीचे होय. पेनड्राइव्ह याच पद्धतीने चालतो. या पद्धतीत उपकरण आपला साठा क्रमांकित खंडांच्या स्वरूपात संगणकाच्या स्वाधीन करते. कोणता खंड कोणत्या फाइलचा आहे, मोकळी जागा कोठे आहे, नवीन फाइल कोठे लिहावयाची इ. सर्व निर्णय संगणक घेतो. उपकरण केवळ सांगितलेला खंड वाचून देते वा लिहून घेते. गोदामाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देण्यासारखाच हा व्यवहार आहे. किल्ल्या एका वेळी एकाकडेच राहू शकतात. दोन कारभारी एकाच गोदामात परस्परांना न विचारता माल हलवू लागले, तर कोणाचीच नोंदवही बरोबर राहणार नाही. त्याचप्रमाणे दोन प्रणालींनी एकाच वेळी त्याच खंडांवर लेखन केले, तर फायलींची रचना बिघडून माहिती नष्ट होते.

आरंभीच्या अँड्रॉइड फोनांत हीच पद्धत होती. फोन संगणकाला जोडला की त्याचे स्मृतिकार्ड फोनपुरते बंद होई व त्यावर अवलंबून असलेली ॲप थांबत. शिवाय संगणकाला वाचता यावे म्हणून हा साठा ‘फॅट’ या जुन्या रचनेतच ठेवावा लागे. या रचनेत ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी फाइल मावत नाही आणि कोणती फाइल कोणत्या ॲपने वाचावी याचे निर्बंधही नोंदवता येत नाहीत.

दुसरे तत्त्व वस्तुनिष्ठ मागणीचे आहे. यात किल्ल्या उपकरणाकडेच राहतात. संगणक केवळ ‘अमुक क्रमांकाची वस्तू द्यावी’, ‘ही वस्तू ठेवून घ्यावी’ किंवा ‘ती काढून टाकावी’ अशी मागणी करतो आणि उपकरण ती पूर्ण करते. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी २००० मध्ये तयार झालेल्या ‘पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल’ (पीटीपी) या मानकाचे हेच तत्त्व आहे. मायक्रोसॉफ्टने संगीतवादक उपकरणांसाठी त्याचा विस्तार करून ‘मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल’ (एमटीपी) बनवला. यूएसबी मानके ठरवणाऱ्या मंडळाने २००८ मध्ये त्यास स्वतंत्र उपकरणवर्ग म्हणून मान्यता दिली. अँड्रॉइडच्या ३·० या आवृत्तीपासून (२०११) त्याचा अवलंब सुरू झाला. यामुळे फोन जोडलेला असतानाही त्याचे काम चालू राहते, अंतर्गत साठ्यासाठी कोणतीही रचना वापरता येते आणि कोणत्या वस्तू बाहेर दाखवावयाच्या हे फोनच ठरवतो.

या लाभांची किंमतही मोजावी लागते. संगणकाला प्रत्येक फाइलची माहिती स्वतंत्रपणे विचारावी लागत असल्याने हजारो छायाचित्रे असलेला संग्रह उघडण्यास वेळ लागतो. फाइल जागच्या जागी संपादित करण्याची सोय मूळ मानकात नाही. म्हणून ती आधी संगणकात उतरवून घेऊन मगच तीवर काम करणे इष्ट असते. उपकरण सामान्यतः एका वेळी एकाच आज्ञावलीशी संवाद करते. परिणामी एका आज्ञावलीने संपर्क धरून ठेवला असता दुसरीस ‘उपकरण व्यस्त आहे’ असे उत्तर मिळते.

लिनक्समधील यंत्रणा : फोन जोडला जाताच कर्नल त्याच्याकडून उत्पादक व प्रकार दर्शविणारे क्रमांक मागून घेतो. हे क्रमांक ‘युडेव्ह’ या व्यवस्थेकडे जातात. ती आपल्या नियमांशी त्यांची तुलना करून उपकरण कोणत्या वर्गाचे आहे हे ठरवते व संगणकावर काम करणाऱ्या व्यक्तीला ते वापरण्याची परवानगी देते. एमटीपीमधील प्रत्यक्ष संभाषण ‘लिबएमटीपी’ हा मुक्त आज्ञासंग्रह पार पाडतो. त्याच्या वर दोन प्रकारचे थर आढळतात. ग्नोम या पटलव्यवस्थेत ‘जीव्हीएफएस’ व केडीई या पटलव्यवस्थेत ‘केआयओ’ हा थर फोनमधील वस्तू नेहमीच्या फोल्डरांप्रमाणे दाखवतो. दुसऱ्या प्रकारात ‘फ्यूज’ या सोयीचा उपयोग करतात. २००५ मध्ये कर्नलमध्ये समाविष्ट झालेल्या या सोयीमुळे सामान्य आज्ञावलीलाही फाइल-रचनेचे रूप धारण करता येते. ‘जेएमटीपीएफएस’, ‘सिंपल-एमटीपीएफएस’ इ. आज्ञावल्या या मार्गाने फोन एखाद्या रिकाम्या फोल्डरवर आरोहित करतात. अलीकडील बहुतेक वितरणांत पहिल्या प्रकारची यंत्रणा आधीच बसवलेली असते व वापरणाऱ्यास काहीही वेगळे स्थापित करावे लागत नाही. जुन्या संगणकावर हलके वितरण बसवले असल्यास मात्र ती स्वतंत्रपणे बसवावी लागते.

प्रत्यक्ष कृती : केबलने हस्तांतरण करताना पुढील क्रम पाळतात. प्रथम फोन केबलने संगणकास जोडून त्याचे कुलूप उघडतात. अँड्रॉइडच्या ६·० या आवृत्तीपासून (२०१५) फोन जोडला असता तो केवळ प्रभारित होतो. साठा आपोआप खुला होत नाही. म्हणून फोनच्या सूचनापट्टीवरील यूएसबीविषयीची सूचना उघडून ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडावा लागतो. त्यानंतर संगणकाच्या फाइल-व्यवस्थापकात फोनचे नाव दिसू लागते. कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे सामान्यतः ‘डीसीआयएम’ या फोल्डरात असतात. कॅमेरा-उत्पादकांच्या सामाईक नियमांमुळे हे नाव सर्व फोनांत आढळते. तेथील आवश्यक फायली निवडून संगणकातील फोल्डरात त्यांची प्रत करतात. या टप्प्यावर ‘हलवा’ ऐवजी ‘प्रत करा’ ही आज्ञा वापरणे महत्त्वाचे असते, कारण हलवण्याची क्रिया मध्येच खंडित झाल्यास काही फायली दोन्हीकडून जाण्याचा धोका असतो. प्रत पूर्ण झाल्यावर फायलींची संख्या व एकूण बाइट यांची दोन्ही ठिकाणी तुलना करतात, काही फायली उघडून पाहतात व शेवटी फाइल-व्यवस्थापकातून उपकरण विलग करून केबल काढतात.

वेळेचा अंदाज पुढील उदाहरणावरून येईल. सुमारे ४ मेगाबाइटचे एक याप्रमाणे १,००० छायाचित्रांचा आकार ४ गिगाबाइट होतो. यूएसबी २·० वर व्यवहारात सेकंदास सु. ३० मेगाबाइट गती मिळते असे धरल्यास एवढी माहिती सव्वादोन मिनिटांत जाऊ शकते. प्रत्येक फाइलमागे होणाऱ्या संभाषणाचा वेळ मिळवता प्रत्यक्षात त्याहून थोडा अधिक काळ लागतो. ब्लूटूथवर सेकंदास पाव मेगाबाइट या गतीने याच कामास जवळजवळ साडेचार तास लागतील.

अडचणी व त्यांची कारणे : सर्वांत सामान्य अडचण केबलची असते. यूएसबी २·० च्या केबलमध्ये चार तारा असतात : दोन विद्युत् पुरवठ्याच्या व दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या तारा नसतातच. अशा केबलने फोन प्रभारित होतो, परंतु संगणकास त्याचे अस्तित्वही कळत नाही. म्हणून फोन संगणकात मुळीच दिसत नसल्यास प्रथम केबल बदलून पाहतात. लिनक्समध्ये जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा आहे. तिच्या यादीत फोनचे नाव नसेल, तर दोष केबल वा खाच यांत असण्याचा संभव अधिक असतो. नाव असूनही फायली दिसत नसतील, तर फोनचे कुलूप, निवडलेला पर्याय किंवा संगणकातील आज्ञासंग्रह यांकडे पाहावे लागते. निदानाचा हा क्रम पाळल्यास बराच व्यर्थ खटाटोप वाचतो.

फोन दिसतो परंतु त्याचा फोल्डर रिकामा असतो, ही दुसरी अडचण होय. फोनचे कुलूप बंद असताना संपर्क झाला की असे घडते. कुलूप उघडून पर्याय पुन्हा निवडल्यास फायली दिसतात. नुकतीच तयार झालेली फाइल न दिसणे, ही तिसरी अडचण. फोन आपल्या साठ्याची जी अनुक्रमणिका ठेवतो तीतूनच एमटीपी उत्तरे देतो. अनुक्रमणिका अद्ययावत होईपर्यंत नवी फाइल बाहेर दिसत नाही. चौथी अडचण दिनांकाची आहे. एमटीपीने प्रत करताना फाइलचा दिनांक पुष्कळदा प्रत केल्याच्या दिवसाचा पडतो. त्यामुळे फोल्डरातील दिनांकावर विसंबून न राहता चित्राच्या आतील नोंदीतून काळ वाचणे योग्य ठरते.

ॲपलच्या आयफोनमध्ये एमटीपीची सोय नाही. त्यातील छायाचित्रे पीटीपीने मिळतात. इतर माहितीसाठी ‘लिबआयमोबाइलडिव्हाइस’ हा मुक्त आज्ञासंग्रह वापरतात. जोडताना फोनवर ‘या संगणकावर विश्वास ठेवावा काय’ अशी पृच्छा होते व परवलीचा अंक दिल्याखेरीज पुढील क्रिया होत नाही. २०१७ नंतरचे आयफोन छायाचित्रे ‘एचईआयसी’ या संकुचित स्वरूपात साठवत असल्याने जुन्या लिनक्स वितरणांत ती उघडण्यासाठी वेगळा आज्ञासंग्रह बसवावा लागतो.

बिनतारी व इतर पद्धती : आल्बर्ट वाका यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ‘केडीई कनेक्ट’ ही व्यवस्था लिनक्स वापरणाऱ्यांत लोकप्रिय आहे. ग्नोम पटलासाठी तिच्याशी सुसंगत असा ‘जीएसकनेक्ट’ हा विस्तार उपलब्ध आहे. फोन व संगणक एकाच जाळ्यात असले म्हणजे ते परस्परांना शोधतात. एकदा दोन्हीकडून जोडणीस संमती दिल्यावर पुढील सर्व संभाषण कूटबद्ध होते. यासाठी १७१४ ते १७६४ या क्रमांकांची द्वारे वापरली जातात. संगणकाच्या संरक्षक भिंतीत ती बंद असल्यास उपकरणे एकमेकांस दिसत नाहीत. या पद्धतीला इंटरनेटची आवश्यकता नसते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बहुतेक फोनांत स्वतःचे बिनतारी क्षेत्र निर्माण करण्याची सोय असते. संगणक त्यास जोडला की माहिती फोनमधून थेट संगणकात जाते व मोबाइल कंपनीची माहिती-मर्यादा खर्च होत नाही.

तज्ज्ञ लोक आणखी दोन मार्गांचा अवलंब करतात. फिनलंडमधील टाटू इलोनन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या ‘एसएसएच’ या सुरक्षित संपर्कपद्धतीवर आधारलेले ‘एसएफटीपी’ हस्तांतरण, हा पहिला मार्ग होय. फोनमध्ये त्याची सेवा चालू केली की लिनक्सचा फाइल-व्यवस्थापक फोनचा साठा दूरस्थ फोल्डराप्रमाणे उघडतो. दुसरा मार्ग ‘अँड्रॉइड डीबग ब्रिज’ या विकासकांच्या साधनाचा आहे. त्याने मोठे संग्रह जलद व मूळ दिनांकासह उतरवता येतात. परंतु त्यासाठी फोनमधील विकासकांचे पर्याय खुले करावे लागतात. काम झाल्यावर ते पुन्हा बंद न केल्यास फोन असुरक्षित राहतो.

देवनागरी नावे : फायलींना मराठीत नावे देण्यातील अडचण आता बरीच दूर झाली आहे. देवनागरी लिपीचा समावेश युनिकोड संकेतावलीत तिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. लिनक्स व अँड्रॉइड हे दोन्ही तिचे ‘यूटीएफ-८’ हे रूप वापरत असल्यामुळे ‘कपाशी’ किंवा ‘संत्रा बाग’ अशी नावे हस्तांतरणात जशीच्या तशी राहतात. मात्र यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. लिनक्सच्या प्रचलित फाइल-रचनांत नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने सु. ८५ चिन्हांपेक्षा मोठे मराठी नाव स्वीकारले जात नाही; काना, मात्रा व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. युनिकोडपूर्व काळातील विशिष्ट टंकांत तयार केलेले जुने मराठी मजकूर मात्र फाइल अचूक पोहोचूनही वाचता येत नाहीत. तो दोष हस्तांतरणाचा नसून संकेतावलीचा असतो. त्यासाठी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते.

वऱ्हाडातील उपयोग : अकोला व अमरावती जिल्ह्यांतील शेती कापूस, सोयाबीन, तूर व (अमरावतीच्या वरुड–मोर्शी भागात) संत्रा या पिकांवर उभी आहे. या पिकांच्या नुकसानीत छायाचित्राला कोणते स्थान आहे, हे गुलाबी बोंडअळीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. २०१७ च्या खरिपात विदर्भात या किडीचा मोठा उद्रेक झाला. अळी बोंडाच्या आत राहून सरकी खाते. तिने आत शिरताना पाडलेले छिद्र बोंड वाढताना बुजते. त्यामुळे बाहेरून बोंड निरोगी दिसते. न उमललेल्या गुलाबकळीसारखी दिसणारी ‘डोमकळी’ हे प्रादुर्भावाचे प्रारंभीचे लक्षण होय. डोमकळीतील जाळे, बोंडावरील बारीक डाग वा फोडलेल्या बोंडातील लहान अळी ओळखण्यासाठी चित्रात पुरेसा बारकावा असावा लागतो. संदेशवहनाच्या ॲपने संकुचित केलेल्या चित्रात नेमका हाच बारकावा हरवतो. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) किंवा अन्य तज्ज्ञ यांच्यापुढे चित्र ठेवावयाचे असेल, तर मूळ फाइल देणे म्हणूनच अधिक उपयुक्त ठरते. केबलची सोय नसेल, तर ॲपमधून चित्र ‘दस्तऐवज’ या पर्यायाने पाठवल्यासही मूळ फाइल टिकून राहते.

दुसरा उपयोग नुकसानीच्या नोंदीचा आहे. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ हा उपक्रम राज्यभर सुरू केला. त्यात शेतकऱ्याने आपल्या शेतातील पिकाचे छायाचित्र फोनवरून काढून सातबाराच्या नोंदीसाठी पाठवण्याची पद्धत रूढ झाली. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत (२०१६) स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट घालण्यात आली. अतिवृष्टीनंतर शेतात साचलेले पाणी काही दिवसांत ओसरते, खरडून गेलेल्या जमिनीवर पुन्हा नांगर फिरतो आणि नुकसानीची दृश्य खूण उरत नाही. मग त्या दिवसाचे छायाचित्र हीच कित्येकदा शेतकऱ्याजवळची एकमेव नोंद असते. फोन पाण्यात पडला, हरवला किंवा साठा भरल्यामुळे त्यातील चित्रे पुसली गेली, तर तीही जाते. मूळ फाइल वेळीच संगणकात उतरवून ठेवणे हाच यावर साधा व बिनखर्ची उपाय होय.

डिजिटल छायाचित्राच्या आत ‘एक्झिफ’ या नावाची नोंद असते. तिच्यात चित्र काढल्याचा दिनांक व वेळ, कॅमेऱ्याचा प्रकार आणि स्थाननिर्देशाची सोय चालू असल्यास अक्षांश–रेखांश यांचा समावेश होतो. स्थाननिर्देश चित्र काढतानाच चालू असावा लागतो. अँड्रॉइडच्या १० व्या आवृत्तीपासून (२०१९) विशेष परवानगी नसलेल्या ॲपला स्थान वगळलेली प्रत दिली जाते. म्हणून ॲपद्वारे चित्र उतरवल्यास स्थानाची नोंद टिकली आहे काय, हे तपासून घेतात. ही नोंद बदलता येण्यासारखी असल्यामुळे ती एकटी निर्णायक पुरावा ठरत नाही, तथापि मूळ चित्र जवळ असणाऱ्याची बाजू ते नसणाऱ्यापेक्षा निश्चितच बळकट असते.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील मेळघाटात प्रश्नाचे स्वरूप थोडे वेगळे आहे. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये राज्य शासनाने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून विकसित करण्यासाठी निवडले. तथापि सातपुड्याच्या डोंगराळ वनक्षेत्रात मोबाइलचा संपर्क सर्वत्र सारखा मिळत नाही. जेथे संपर्क क्षीण असतो, तेथे दूरच्या सेवासंगणकावर माहिती चढवणे शक्य होत नाही. केबल किंवा फोनचे स्वतःचे बिनतारी क्षेत्र मात्र तेथेही काम देते. विनामूल्य मिळणारी लिनक्स वितरणे जुन्या संगणकावरही चालत असल्याने शाळा, ग्रामपंचायती व छोटी कार्यालये यांना या पद्धतीचा खर्च नगण्य असतो.

सुरक्षितता व जतन : फोन जोडला असता तो फक्त प्रभारित करावयाचा की साठा खुला करावयाचा, हा निर्णय फोनधारकाच्या हाती ठेवण्यामागे सुरक्षिततेचा विचार आहे. अनोळखी संगणकावर साठा खुला केल्यास छायाचित्रांबरोबर ओळखपत्रे, बँकेचे कागद व खाजगी संदेशांतील चित्रेही उघडी पडतात. सार्वजनिक सेवाकेंद्रात काम करून घेताना फोन जोडण्याऐवजी आवश्यक त्या फायलीच पेनड्राइव्हवर देणे अधिक श्रेयस्कर असते. अलीकडील बहुतेक फोनांना टाइप-सी पेनड्राइव्ह थेट जोडता येतो.

हस्तांतरण अचूक झाले की नाही हे पडताळण्यासाठी ‘हॅश’ मूल्य काढतात. ‘शा-२५६’ सारखी गणिती क्रिया कोणत्याही आकाराच्या फाइलपासून ६४ अक्षरांचे एक ठरावीक मूल्य काढते. फाइलमधील एक बिट बदलला तरी हे मूल्य पूर्णतः पालटते. लिनक्समध्ये त्यासाठीची आज्ञा मूळ प्रणालीतच असते. चित्रे संगणकात उतरवल्याच्या दिवशीच ही मूल्ये काढून ठेवल्यास पुढे फायलींत फेरफार झाला नसल्याचे दाखवता येते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अंमलात आला. त्याच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्य नमूद करण्याची तरतूद असल्याने या पडताळणीला व्यवहारातही महत्त्व आले आहे.

संगणकात उतरवलेली प्रत ही अखेरची मानता येत नाही. संगणकाची तबकडीही बिघडू शकते. म्हणून महत्त्वाच्या चित्रांची आणखी एक प्रत वेगळ्या साधनावर व शक्य तर वेगळ्या घरी ठेवतात. दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असल्याची खात्री झाल्यावरच फोनमधील मूळ फाइल पुसणे योग्य होय.